२६ विजय, १७ पराभव : एका पैलवानाची कारकीर्द वाचायची कशी?



काझुशी सकुराबा हे नाव इंटरनेटवर शोधलंत, तर फोटोशेजारी एक ओळ दिसेल : २६ विजय, १७ पराभव, १ बरोबरी, २ रद्द. म्हणजे एकूण ४६ लढती. विजयाचं प्रमाण साधारण साडेछप्पन्न टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर पीएच.डी. प्रवेशाला लागणाऱ्या ५५ टक्क्यांच्या जेमतेम वर.

आता दुसरी गोष्ट बघा. याच माणसाला यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या एमएमए संस्थेनं २०१७ साली आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स : कुस्ती, मुष्टियुद्ध, जुजुत्सू, लाथा, सगळं एकाच लढतीत. गंमत म्हणजे सकुराबा यूएफसीमध्ये आयुष्यात एकच संध्याकाळ खेळला. मग साडेछप्पन्न टक्केवाल्याला, तेही एका संध्याकाळीच्या पाहुण्याला, हा मान कशासाठी?

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे आणि हा लेख इतिहासाचा आहे. पण प्रश्न आपला, रोजचाच आहे. तुमच्यासमोर एक आकडा आहे आणि तो चुकीचा नाही. तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. कसा चुकतो, हे सकुराबाच्या कारकिर्दीइतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसतं. म्हणून ती सुरुवातीपासून बघू.

पैलवान, पण कुठला?

सकुराबाचा जन्म १४ जुलै १९६९ चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. लहानपणी टायगर मास्क या मुखवटाधारी व्यावसायिक पैलवानाचं वेड लागलं. शाळेत आणि पुढे टोकियोच्या चुओ विद्यापीठात तो ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती खेळला, विद्यापीठाच्या संघाचा कर्णधारही झाला. १९९२ साली त्यानं यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीत प्रवेश घेतला आणि १९९३ पासून तो रिंगणात उतरू लागला.

इथेच थांबा. ‘कुस्तीतून एमएमएत आलेला खेळाडू’ असं वर्णन वाचलं की आपण एकच पैलवान डोळ्यांसमोर आणतो. पण सकुराबाच्या आयुष्यात ‘कुस्ती’ या शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ विद्यापीठातली कुस्ती. गुण, पंच, घड्याळ, आणि एकेरी पट काढण्याची सफाई. दुसरा अर्थ यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलची कुस्ती. दिसायला ती खरीखुरी लढत असायची : लाथा कडक, पकडी अस्सल. कंपनी मिरवायचीही तसंच. पण जिंकणार कोण हे आधी ठरलेलं असायचं. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. तिसरा अर्थ म्हणजे त्याच कंपनीच्या तालमीत, प्रेक्षक नसताना चालणारी कुस्ती. तिथे बिली रॉबिन्सन हा इंग्रज वस्ताद होता. इंग्लंडमधल्या विगन गावच्या ‘स्नेक पिट’ तालमीत तयार झालेला. तिथली परंपरा ‘कॅच’ कुस्तीची, म्हणजे पाठ टेकवण्याबरोबरच सांधा पिळून समोरच्याला हार मान्य करायला लावायची.

म्हणजे बघा, रिंगणातला निकाल खोटा होता, पण त्या रिंगणामागचं शिक्षण खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली. रेकॉर्डच्या ओळीत या काळातली ठरवून केलेली एकही लढत मोजली जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण मोजलं नाही म्हणून घडलं नाही असं होत नाही. पुढे सकुराबानं जे केलं त्याची बरीच तयारी या न मोजलेल्या वर्षांत झाली होती. तुमच्या डेटात जे बसत नाही ते बाजूला ठेवा, हरकत नाही. पण बाजूला काय ठेवलं हे लिहून ठेवा.

आधी आबरू गेली

सकुराबाच्या वाट्याला काय आलं हे कळण्यासाठी त्याच्या ज्येष्ठांचं काय झालं ते माहीत हवं.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली. ती जिंकली ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीनं. दिसायला सडपातळ, अंगात जुजुत्सूचा पांढरा अंगरखा. त्यानं दुसरी आणि चौथी स्पर्धाही जिंकली. ग्रेसी हे घराणंच जुजुत्सूचं. आपल्या पद्धतीपुढे इतर कुठलीही पद्धत टिकत नाही, हा त्या घराण्याचा दावा होता.

डिसेंबर १९९४ मध्ये यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलचा योजी आंजो हा पैलवान रिक्सन ग्रेसीला आव्हान द्यायला थेट त्याच्या लॉस एंजेलिसच्या तालमीत गेला आणि रक्तबंबाळ होऊन परतला. १९९६ च्या अखेरीला कंपनीच बंद पडली. ११ ऑक्टोबर १९९७ ला टोकियो डोममध्ये ‘प्राइड’ या नव्या स्पर्धेचा पहिला कार्यक्रम झाला. त्यात कंपनीचा सगळ्यात मोठा तारा, सकुराबाचा वरिष्ठ नोबुहिको ताकादा, रिक्सनसमोर उभा राहिला. पाच मिनिटांच्या आत हरला.

जपानी प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं ज्यांना बलवान मानलं ते खऱ्या लढतीत असे कोसळले. एका अख्ख्या पेशाची लाज निघाली. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी सकुराबा यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला.

एका संध्याकाळी दोन निकाल

२१ डिसेंबर १९९७, योकोहामा. यूएफसीचा जपानमधला पहिला कार्यक्रम. सकुराबाचं खरं वजन ८३ किलोच्या आसपास, आणि स्पर्धा हेवीवेट, म्हणजे किमान २०० पौंड, साधारण ९१ किलो. कागदावर त्याचं वजन २०३ पौंड लागलं. (कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन. प्राथमिक साधन म्हणजे परमसत्य असं समजणाऱ्यांनी इथे एक खूण करून ठेवा.) समोर होता ब्राझीलचा मार्कुस सिल्वेरा, शंभर किलोंच्या पुढचा.

सिल्वेरानं ठोसे मारले, सकुराबा एकदम खाली गेला. पंच जॉन मॅकार्थी यांना वाटलं, तो बेशुद्ध पडला. त्यांनी लढत थांबवून सिल्वेराला विजयी घोषित केलं. पण सकुराबा पडला नव्हता, पट काढायला वाकला होता. त्यानं पिंजऱ्यातून बाहेर यायलाच नकार दिला. चित्रण पुन्हा पाहिलं गेलं आणि निकाल रद्द झाला. तेवढ्यात दुसऱ्या उपांत्य लढतीचा विजेता टँक ॲबट हात दुखावल्यामुळे बाहेर पडला. मग अंतिम लढत म्हणून त्याच दोघांची पुन्हा जोड लागली. चार मिनिटांच्या आत सकुराबानं सिल्वेराचा हात उलट्या दिशेनं ताणून त्याला हार मानायला लावली. जिंकल्यावर त्यानं माइकवर जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की व्यावसायिक पैलवान खरोखरच बलवान असतात. आधीच्या दहा आठवड्यांचं ओझं लक्षात घेतलं, तर हे वाक्य बढाईचं वाटत नाही.

आता संशोधकाच्या चष्म्यातून बघा. एका क्षणी एक पैलवान खाली वाकला. कुस्ती जाणणाऱ्याला तो पट दिसला असता. ठोशांचा खेळ जाणणाऱ्याला बेशुद्धी दिसली. हालचाल एकच, निरीक्षणं दोन. चित्रण नसतं, किंवा हा गडी गुपचूप बाहेर गेला असता, तर आज त्या ओळीत एक विजय कमी आणि एक पराभव जास्त दिसला असता. कदाचित पुढची कारकीर्दही झाली नसती.

पाठ लागली म्हणजे काय?

आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की विषय संपला. चीतपट. ऑलिंपिक कुस्तीतही दोन्ही खांदे टेकले की संपलं. त्यामुळे कुठल्याही पैलवानाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते : पाठीवर जायचं नाही. वेळ आलीच तर पालथं व्हायचं, गुडघ्यावर आणि हातावर येऊन स्वतःला आवळून घ्यायचं.

ग्रेसींच्या जुजुत्सूत नेमकं उलट. तिथला खेळाडू आपण होऊन पाठीवर जातो, दोन्ही पायांमध्ये समोरच्याला अडकवतो आणि तिथून गळा किंवा हात पकडतो. पाठ लागणं हा तिथे शेवट नाही, डावाची सुरुवात आहे. त्यामुळे वर बसलेला पैलवान जिंकतोय असं समजतो आणि बघता बघता सापळ्यात सापडतो.

सकुराबानं हा फरक ओळखला. खाली पडून बोलावणाऱ्या जुजुत्सूवाल्याच्या पायांत तो शिरायचाच असं नाही. उभा राहून त्याच्या मांड्यांवर लाथा घालायचा. आणि समोरच्यानं पाठीमागून मिठी मारली, तर घाबरून सुटण्याऐवजी त्याचा मनगटापासूनचा हात दोन्ही हातांनी पकडून फिरवायचा. पैलवानाची सवय, पैलवानाचा तोल, पण प्रश्न जुजुत्सूचा.

एका पकडीची तीन नावं

२१ नोव्हेंबर १९९९ ला टोकियोत, प्राइडच्या आठव्या कार्यक्रमात, त्याच्यासमोर रॉयलर ग्रेसी आला. वजनानं बराच हलका. पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत दोनेक मिनिटं उरलेली असताना सकुराबानं त्याचा हात पाठीमागे पिळला. रॉयलरनं हार मान्य केली नाही, हात थोपटला नाही. पंचांनी लढत थांबवली आणि सकुराबा विजयी झाला. ग्रेसी घराण्यानं आक्षेप घेतला.

ही जी पकड, तिला जुजुत्सूत ‘किमुरा’ म्हणतात. कारण २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या जपानी जुदोपटूनं याच पकडीनं एलियो ग्रेसीचा हात मोडला होता. एलियो म्हणजे रॉयस आणि रॉयलर यांचे वडील. हरलेल्या घराण्यानं आपल्याला हरवणाऱ्या पकडीला जिंकणाऱ्याचं नाव दिलं, ही तशी दिलदार गोष्ट. जुदोत तिचं नाव वेगळं : ग्याकु उदे-गारामी. आणि सकुराबा ज्या कॅच कुस्तीच्या परंपरेत शिकला तिथे हीच पकड ‘डबल रिस्टलॉक’ म्हणून ओळखली जाते.

शोधनिबंध धुंडाळणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. तुम्ही फक्त ‘किमुरा’ हा शब्द घेऊन शोधलंत, तर ही गोष्ट जपान ते ब्राझील आणि परत जपान अशी सरळ रेषेत दिसेल : आजोबांच्या पिढीतल्या जपानी विजयाची पुनरावृत्ती. फार सुंदर गोष्ट आहे, लोकांना आवडतेही. पण ‘डबल रिस्टलॉक’ शोधलंत की त्याच नकाशावर इंग्लंडमधलं कोळसाखाणींचं विगन गाव उगवतं, आणि गोष्ट एवढी सरळ राहत नाही. शोधशब्द निवडतानाच आपण अर्धा निष्कर्ष निवडलेला असतो. साहित्याचा आढावा घेताना एका गोष्टीची सगळी नावं आधी गोळा करा, असं गाईड का सांगतात ते यावरून कळेल.

नव्वद मिनिटं

रॉयलरच्या पराभवानंतर रॉयस ग्रेसी प्राइडमध्ये उतरला. प्राइडनं २००० साली मोठी स्पर्धा भरवली होती. वजनगट नाही, सोळा जण. ३० जानेवारीच्या पहिल्या फेरीत सकुराबासमोर अमेरिकेचा गाय मेझगर होता. पंधरा मिनिटांनंतर परीक्षकांनी निकाल न देता आणखी एक फेरी सांगितली. आपला करार एकाच फेरीचा आहे, असं म्हणत मेझगरच्या बाजूच्यांनी त्याला परत नेलं. विजय सकुराबाच्या नावावर लागला. त्या २६ मधला एक विजय हा असा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अटी कधी त्याच्या विरोधात गेल्या तशा कधी बाजूनंही गेल्या.

पुढची फेरी १ मे २००० ला टोकियो डोममध्ये. ग्रेसींनी आपल्या लढतीसाठी वेगळे नियम मागून घेतले : पंधरा मिनिटांच्या कितीही फेऱ्या, गुण नाहीत, पंचांनी मध्येच थांबवायचं नाही. हार मान्य केली किंवा आपल्या कोपऱ्यातून टॉवेल पडला तरच निकाल. आपल्याकडची निकाली कुस्तीच म्हणा ना! रॉयलरच्या लढतीत पंचांनी थांबवल्याचा राग यामागे होता, हे उघड आहे. पण विचारही होता. वेळ अमर्याद असेल तर उत्तम तंत्र शेवटी जिंकतं, हा त्या घराण्याचा जुना सिद्धांत. म्हणजे त्यांनी आपल्या गृहीतकाची चाचणी आपल्याला हव्या त्या अटींवर मांडली.

सकुराबा मुखवटे घातलेल्या आणखी दोघांना घेऊन रिंगणात आला. तिघांपैकी खरा कोण, हे ओळखा! आणि मग पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या चालल्या. त्यानं रॉयसच्या अंगरख्याचाच वापर करून त्याला ओढलं, पायांवर लाथांचा मारा केला. सातव्या फेरीसाठी रॉयस उभा राहण्याच्या स्थितीत नव्हता. त्याचा भाऊ रोरियन यानं टॉवेल टाकला. नव्वद मिनिटं. ग्रेसींच्या अटींवर, ग्रेसींच्या विरोधात.

आणि आता त्या दिवसाचा दुसरा भाग, जो रेकॉर्डच्या ओळीत ‘पराभव’ एवढाच दिसतो. स्पर्धा एकाच दिवसात संपवायची होती. त्याच रात्री सकुराबा उपांत्य लढतीसाठी युक्रेनच्या इगोर वोवचांचिनसमोर उभा राहिला. वजनात वीसेक किलोंचा फरक, आणि मुष्टियुद्धात वोवचांचिनचा हात जबर. आणखी पंधरा मिनिटं सकुराबा टिकला. सामना बरोबरीत म्हणून जादा फेरी जाहीर झाली, तेव्हा त्याच्या कोपऱ्यानं टॉवेल टाकला. म्हणजे १०५ मिनिटांनंतरचा पराभव.

एक्सेलच्या तक्त्यात हा पराभव आणि पाच मिनिटांत हरलेला एखादा पराभव यांना एकच रकाना आहे.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला रेंझो ग्रेसीशी लढत झाली. दुसरी फेरी संपायला १७ सेकंद असताना, रेंझो पाठीमागून चिकटलेला असताना, सकुराबानं तोच हात पकडला आणि गर्रकन फिरला. रेंझोचं कोपर निखळलं, पण त्यानं हात थोपटला नाही. डिसेंबरमध्ये रायन ग्रेसीवर गुणांनी विजय. तेरा महिन्यांत चार ग्रेसी. लोक त्याला ‘ग्रेसी हंटर’ म्हणू लागले. जी आबरू ताकादानं गमावली होती ती परत आली.

नियम बदलला, माणूस तोच

२५ मार्च २००१, प्राइडचा तेरावा कार्यक्रम. या कार्यक्रमापासून नियम बदलले. जमिनीवर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथ मारणं, गुडघा घालणं, तुडवणं यांना परवानगी मिळाली. सकुराबासमोर ब्राझीलचा वांडरलेई सिल्वा. लढत १ मिनिट ३८ सेकंदांत संपली. सकुराबा हरला.

पैलवान अडचणीत आला की पालथा होऊन हात-गुडघ्यांवर येतो, हे आपण वर पाहिलं. कुस्तीत ती सगळ्यात सुरक्षित जागा. सकुराबाची तर कितीतरी प्रत्युत्तरं तिथूनच सुरू व्हायची. नव्या नियमांत तीच जागा सगळ्यात धोक्याची झाली. सिल्वाचे गुडघे आणि लाथा तिथेच बसल्या. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय एका नियमानं उलटी झाली.

याचा अर्थ सिल्वा फक्त नियमामुळे जिंकला असा होत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २००३ मध्येही तो जिंकला. तो वेगवान होता, तरुण होता आणि शरीरानं मोठाही होता. प्राइडमध्ये तेव्हा ९३ किलोखाली दुसरा वजनगटच नव्हता. ८३ किलोचा गट आला २००५ मध्ये. म्हणजे सकुराबाची उमेदीची सगळी वर्षं स्वतःपेक्षा मोठ्या माणसांशी लढण्यात गेली. ते त्याचं शौर्य म्हणून विकलं गेलं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण शरीर टाळ्यांचा हिशेब ठेवत नाही. खांदा गेला, २००२ मध्ये मिर्को क्रो कॉपच्या ठोशानं डोळ्याखालचं हाड मोडलं, २०१० मध्ये एका लढतीत कान फाटून लोंबला. तरी तो लढत राहिला. शेवटची लढत २०१५ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही एकतर्फी हार.

क्रीम आणि औषध

ओळीतल्या दोन ‘रद्द’पैकी पहिला योकोहामाचा. दुसरा ३१ डिसेंबर २००६ चा, ओसाकातला. योशिहिरो अकियामाविरुद्ध लढताना सकुराबा पंचांना ओरडून सांगत होता, की याचं अंग निसरडं आहे, पकडच बसत नाही. लढत थांबली नाही. सकुराबा हरला. नंतर चौकशीत अकियामानं अंगाला क्रीम लावल्याचं निघालं आणि जानेवारी २००७ मध्ये निकाल रद्द ठरला.

सहाच महिन्यांत, २ जून २००७ ला, लॉस एंजेलिसमध्ये रॉयस ग्रेसीशी पुन्हा लढत झाली. रॉयस परीक्षकांच्या निर्णयानं जिंकला. नंतर त्याच्या चाचणीत नँड्रोलोन हे स्टेरॉइड सापडलं, त्याच्यावर बंदी आली. पण निकाल बदलला नाही. सकुराबाच्या ओळीत तो आजही पराभव आहे.

क्रीमनं निकाल रद्द होतो, स्टेरॉइडनं होत नाही. यात कुणाचं कटकारस्थान शोधू नका. देश वेगळा, नियामक वेगळा, नियमपुस्तक वेगळं. पण जी वेबसाइट या दोन्ही नोंदी एकाच ओळीत घालते ती हा फरक सांगत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेला डेटा एकत्र करताना नेमकं हेच होतं. रकान्याचं नाव एकच असतं, मोजणाऱ्यांची व्याख्या एक नसते.

आता ओळ उघडून बघू

सुरुवातीच्या २६–१७–१–२ चे दोन भाग करा. २००० सालच्या अखेरपर्यंत : १२ विजय, २ पराभव, १ बरोबरी, १ रद्द. त्या दोन पराभवांतला एक वर सांगितलेला, १०५ मिनिटांनंतरचा. २००१ पासून शेवटपर्यंत : १४ विजय, १५ पराभव, १ रद्द. पहिल्या भागात विजयाचं प्रमाण ७५ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्क्यांच्या जवळ. साडेछप्पन्न टक्क्यांचा सकुराबा प्रत्यक्षात कधी नव्हताच. तो फक्त सरासरीत आहे.

पण सावध. ही फोडही मी केलेली आहे. मी २००० ची रेघ निवडली कारण माझ्या गोष्टीला ती सोयीची आहे : त्यानंतर तीन महिन्यांत नियम बदलले. कुणी २००३ ला रेघ मारेल, कुणी वय ३५ ला, कुणी वजनातल्या फरकावर गट पाडेल. प्रत्येक रेघ वेगळी गोष्ट सांगेल. म्हणून रेघ कुठे मारली याचं कारण आधी लिहायचं, आकडे नंतर मांडायचे. व्हायवाला परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

मग हॉल ऑफ फेमचं कोडं सुटलं का? माझ्या मते हो. सकुराबानं किती लढती जिंकल्या यापेक्षा त्यानं कोणता प्रश्न सोडवला, याला तो मान आहे. १९९३ ते १९९९ या काळात ‘जुजुत्सूला उत्तर काय?’ हा या खेळातला मोठा प्रश्न होता. ज्या पेशाला लोक नुरा कुस्ती म्हणून हसत होते, त्याच पेशातल्या माणसानं, समोरच्याच्या अटी मान्य करून, त्याचं एक उत्तर दाखवून दिलं. विजयाची टक्केवारी हे मोजायला बनलेलीच नाही. आपल्याकडेही उद्धरणांची संख्या, इम्पॅक्ट फॅक्टर, नेटचा पर्सेंटाइल अशा ओळी माणसांपुढे लागतात. त्या खोट्या नसतात. फक्त त्यांना जे विचारलंच नाही त्याचं उत्तर आपण त्यांच्यातून काढू बघतो.

जाता जाता एक गृहपाठ. १ मे २००० ची ती स्पर्धा शेवटी मार्क कोलमननं जिंकली. तोही अमेरिकन विद्यापीठांतला पट्टीचा पैलवान. त्या दिवशी त्याची पहिली लढत पंधरा मिनिटं चालली. उपांत्य फेरीत त्याच्यासमोरचा काझुयुकी फुजिता आधीच जखमी होता, घंटा वाजताच कोपऱ्यातून टॉवेल पडला, नोंद २ सेकंदांची. अंतिम लढतीत समोर वोवचांचिन, जो त्याआधी सुमारे दहा मिनिटांची एक लढत आणि सकुराबाशी पंधरा मिनिटं लढून आला होता. इतिहासात लिहिलं आहे : विजेता, मार्क कोलमन. आणि ते बरोबरच आहे.

तुम्ही एवढंच करा. या निकालासाठी एक तक्ता आखा. पहिल्या रकान्यात निकाल, आणि पुढे तुम्हाला गरजेचे वाटतील तेवढे अटींचे रकाने. किती रकाने लागले ते मोजा. मग स्वतःच्या सिनॉप्सिसमधला कोणताही एक आकडा घ्या आणि त्यालाही तेवढेच रकाने जोडून बघा.